अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी की नंतर?

या वेळच्या पत्रांमध्ये सर्वांत जास्त पत्रं एकाच चिन्हाबद्दल आहेत. इंग्रजी शब्दाच्या खांद्यावर बसणारा, वर उचललेल्या स्वल्पविरामासारखा दिसणारा अपॉस्ट्रॉफी. म्हणून हा अख्खा स्तंभ त्यालाच देते. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि वह्या तपासताना माझी पेन्सिल सर्वांत जास्त वेळा थांबली ती इथेच. मुलं निष्काळजी होती म्हणून नव्हे. आपण त्यांना जो नियम देतो तो अपुरा आहे म्हणून.

एक सोय आधी सांगते. इंग्रजी शब्द मी देवनागरीतच लिहिले आहेत. अपॉस्ट्रॉफी पडतो तिथे ’ हे चिन्ह आहे, आणि उदाहरणांत शब्दाच्या शेवटी येणाऱ्या एस या अक्षरासाठी “स” लिहिला आहे, बोलताना तिथे झ ऐकू येत असला तरी. तेव्हा “बॉयस” वाचलंत की डोळ्यांसमोर बी-ओ-वाय-एस आणा.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. एकवचन असेल तर अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी, अनेकवचन असेल तर एसच्या नंतर, हा नियम तिला पाठ आहे. तरी ती “चिल्ड्रेनस’” लिहिते. एकाच मुलाच्या चार पुस्तकांना “बॉयस’ बुक्स” म्हणते. नियम पाठ असून चूक का होते?

उत्तर : तुमच्या मुलीने नियम मोडलेला नाही, उलट अगदी प्रामाणिकपणे पाळला आहे. पुस्तकं चार, म्हणजे अनेकवचन, म्हणून अपॉस्ट्रॉफी नंतर. चिल्ड्रेन म्हणजे पुष्कळ मुलं, तेही अनेकवचन, म्हणून तिथेही नंतर. तिला दिलेल्या वाक्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे: वचन कुणाचं बघायचं?

मराठी मूल बोलायला लागल्यापासून वस्तूकडे बघून प्रत्यय लावतं. मुलाचा चेंडू, मुलाची वही, मुलाचं दप्तर, मुलाचे बूट. मालक तोच आहे, वस्तू बदलली की चा-ची-चं-चे बदललं. हे इतकं आत मुरलेलं असतं की इंग्रजी लिहिताना मुलीची नजर आपसूक पुस्तकांकडे जाते. इंग्रजीतल्या या चिन्हाला मात्र वस्तूशी काहीही देणंघेणं नाही. पुस्तक एक असो की कपाटभर, मालक एक असेल तर “बॉय’स”, मालक अनेक असतील तर “बॉयस’”. अनेक मुलांचं मिळून एकच पुस्तक असलं तरी “द बॉयस’ बुक”.

म्हणून वर्गात मी आधी-नंतर ही भाषाच वापरत नसे. मुलांना सांगायचं ते एवढंच: मालक आधी पूर्ण लिहा. एक आहे की अनेक, हे ठरवून त्याचं स्पेलिंग शेवटपर्यंत लिहून काढा. मग हात उचला आणि शेवटच्या अक्षरापाठोपाठ चिन्ह ठेवा. त्यानंतरच एसचा विचार. मालक अनेक आहेत आणि तो शब्द आधीच एसने संपला आहे, तर काम झालं. नाहीतर चिन्हापुढे एस लिहा.

यात चिल्ड्रेनचा प्रश्न उरतच नाही. मालक चिल्ड्रेन, शब्द पूर्ण, शेवटी एन. चिन्ह ठेवलं, पुढे एस: “चिल्ड्रेन’स”. मेन, विमेन यांचंही तसंच, “मेन’स” आणि “विमेन’स”. लेडी या शब्दात तर ही पद्धत फारच उपयोगी पडते. एका बाईची पर्स असेल तर मालक एल-ए-डी-वाय, त्यामुळे वायनंतर चिन्ह आणि मग एस. अनेक बायकांच्या पर्स असतील तर मालकाचं स्पेलिंगच बदलतं, एल-ए-डी-आय-ई-एस, आणि चिन्ह सगळ्यात शेवटी. जी मुलं आधी-नंतर पाठ करतात ती एल-ए-डी-वाय-एस लिहून चिन्ह इकडून तिकडे सरकवत बसतात. अनेकवचन करायचंच त्यांच्या लक्षात येत नाही. वुल्फचं अनेकवचन वुल्व्हस, तिथेही हीच गफलत होते. शीप हा शब्द दोन्ही वचनांत सारखाच, म्हणून एक मेंढी असो की कळप, “शीप’स” हेच.

लिहिलेलं तपासायचं असेल तर बोट वापरायला सांगा. अपॉस्ट्रॉफी आणि त्याच्या उजवीकडचं सगळं बोटाखाली झाका. जे उघडं राहिलं तोच मालक असला पाहिजे. “चिल्ड्रेनस’” झाकून बघा: सी-एच-आय-एल-डी-आर-ई-एन-एस उरतं, आणि असा शब्दच नाही. “बॉयस’ बुक्स” झाका: बॉयस उरतं, म्हणजे मुलगे अनेक. तुम्हाला तर एकच म्हणायचा होता. मुलीला स्वतःच्या जुन्या वहीवर हे करू द्या. आपली चूक तिला स्वतःलाच सापडेल, आणि एकदा सापडली की ती पुन्हा सहसा होत नाही.

कानाचा इथे उपयोग नाही, हेही तिला सांगा. “बॉयस”, “बॉय’स” आणि “बॉयस’” हे तिन्ही कानाला तंतोतंत एक. बॉस या शब्दाचंही तेच: पुष्कळ बॉस, एका बॉसचं, पुष्कळ बॉस लोकांचं, तिन्हींचा उच्चार बॉसिझ. मराठीत मुलाचं आणि मुलांचं यांतला फरक ऐकू येतो, अनुस्वारातला न स्पष्ट उमटतो. इंग्रजीत तो फरक फक्त कागदावर असतो. श्रुतलेखनात मुलं इथे अडखळतात तेव्हा शब्दाकडे नाही, वाक्याच्या अर्थाकडे बघायला शिकवावं लागतं.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. आजी-आजोबांवरच्या निबंधात पुष्कळ मुलं “ग्रँडमदर’स स्पेक्स” बरोबर लिहितात आणि त्याच निबंधात पुढे “ग्रँडफादरस’ स्टिक” लिहितात. आजी बरोबर, आजोबा चूक, असं का?

उत्तर : तुमची नजर तयार आहे, कारण अगदी हीच जोडी मीही वह्यांमधून पाहिली आहे. कारण मराठीत आहे. आजीचा चष्मा आणि आजोबांची काठी हे शब्द समोरासमोर ठेवून बघा. आजीला आपण अगं-तुगं करतो, म्हणून आजीचा. आजोबांना अहो-जाहो करतो, म्हणून आजोबांची. तिथे अनुस्वार आला. आणि मालक अनेक असले की मराठी हाच अनुस्वार देते: मुलाचा, मुलांचा.

म्हणजे मराठीतला हा अनुस्वार दोन कामं करतो. कधी तो पुष्कळांचा असतो, कधी एकाच माणसाच्या मानाचा. हुशार मूल मनातल्या मनात “आजोबांची” म्हणतं, अनुस्वार ऐकतं, अनेकवचन ओळखतं आणि चिन्ह एसपुढे नेऊन ठेवतं. मराठी व्याकरण त्याला पक्कं येतं, म्हणूनच हे होतं! वडिलांची गाडी, सरांचा खडू, बाईंची सही, काकांचं घर, सगळीकडे हाच धोका. आईचं मात्र कधी चुकत नाही.

इंग्रजीत मान दाखवायला अनेकवचन वापरत नाहीत. वडील एकच, म्हणून “माय फादर’स कार”. “माय फादरस’ कार” वाचणाऱ्याला लेखकाचे वडील एकाहून अधिक आहेत असाच अर्थ लागेल. तेव्हा मराठी वाक्य मनात आलं की मुलांनी एकच प्रश्न विचारावा: माणसं किती? मान किती, हा प्रश्न इंग्रजीत दुसरीकडे सुटतो, मिस्टर, मिसेस, सर अशा शब्दांतून. अपॉस्ट्रॉफीकडे ते काम नाही.

तुम्हाला वर्गात करून घेता येईल असा एक सराव सुचवते. फळ्यावर फक्त मराठी शब्द लिहा: सरांचा, मुलींचा, आजोबांचा, मित्रांचा, बाईंचा, शेजाऱ्यांचा. मुलांनी इंग्रजी लिहायचंच नाही, प्रत्येक शब्दापुढे माणसं मोजायची: एक की अनेक. शेजाऱ्यांचा या शब्दावर वर्गात वाद होईल, कारण तो एका शेजाऱ्याच्या मानाचाही असू शकतो आणि चार घरांचाही. तो वाद होऊ द्या. वाक्य पूर्ण दिल्याशिवाय उत्तर ठरत नाही, हे मुलांना तिथे कळतं, आणि इंग्रजीकडे जाण्याआधी हेच कळायला हवं असतं.

प्रश्न : माझ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एसने संपतं. “माझं पुस्तक” या अर्थी कुणी नावापुढे नुसता अपॉस्ट्रॉफी देतात, कुणी अपॉस्ट्रॉफी आणि एस दोन्ही. बरोबर काय?

उत्तर : सुहास, मानस, विकास, श्रीनिवास अशी नावं आपल्याकडे भरपूर, त्यामुळे प्रश्न पुष्कळांचा आहे. माझं स्पष्ट मत: दोन्ही लिहा. “सुहास’स बुक”. बोलताना आपण सुहासिझ बुक असंच म्हणतो, तो जादा उच्चार होतो, तर तो कागदावर दिसू दे.

पण दुसरं रूप लिहिणाऱ्याला चूक म्हणू नका. अमेरिकी वृत्तपत्रं एपी म्हणजे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या ज्या शैलीपुस्तिकेवर चालतात तिच्यात एसने संपणाऱ्या विशेषनामाला नुसता अपॉस्ट्रॉफी सांगितला आहे. ग्रंथव्यवहारात मानली जाणारी “शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल” ही पुस्तिका अपॉस्ट्रॉफी आणि एस दोन्ही सांगते. 2024 मध्ये कमला हॅरिस अध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या तेव्हा त्यांच्या आडनावाच्या शेवटच्या एसने अमेरिकेतल्या संपादकांना हाच प्रश्न नव्याने घातला होता.

याहून बोलकं उदाहरण न्यायालयातलं आहे. 2006 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅन्सस राज्याच्या एका कायद्याचा खटला निकाली निघाला. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिलं, त्यात “कॅन्सस’ ” आहे, पुढे एस नाही. विरोधी मत न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी लिहिलं, त्यात “कॅन्सस’स” आहे. एकच खटला, एकच राज्य, दोन रूपं, आणि दोन्ही अधिकृत कागदांवर. पुढच्याच वर्षी आर्कान्सा राज्याच्या प्रतिनिधिगृहाने ठराव करून टाकला की आमच्या राज्याला अपॉस्ट्रॉफी आणि एस दोन्ही लावा. त्या नावातला शेवटचा एस उच्चारलाच जात नाही, त्यामुळे त्यांना चिन्हापुढचा एस हवासा वाटणं मला पूर्ण पटतं.

तेव्हा एक रूप निवडा आणि एका लेखात, एका अर्जात, एका पुस्तकात तेच ठेवा. मिसळ नको. आणि ही मोकळीक फक्त एकट्या मालकाच्या नावाला आहे. आडनाव व्यास असेल आणि सगळ्या कुटुंबाचं घर म्हणायचं असेल तर मालक आधी पूर्ण लिहा: अनेक व्यास म्हणजे “व्यासेस”, आणि त्यांचं घर “द व्यासेस’ हाउस”. पाटील कुटुंबाचं “द पाटीलस’ हाउस”. नुसतं पाटील मंडळी म्हणायचं असेल तर “द पाटीलस”, चिन्ह अजिबात नाही.

प्रश्न : आय-टी-एस, म्हणजे इट्स, या शब्दात अपॉस्ट्रॉफी कधी द्यायचा? प्रत्येक वेळी गोंधळ होतो.

उत्तर : इट इज किंवा इट हॅज असं फोडून वाचता आलं तर द्या. नाहीतर देऊ नका. एवढंच.

गोंधळ होतो कारण “बॉय’स” मध्ये मालकी दाखवायला चिन्ह आणि इथे मालकी असूनही नाही. पण त्याच्या भावंडांकडे बघा: हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स. यांतल्या एकालाही चिन्ह नाही. अर्जाच्या शेवटी सहीच्या वर “युअर’स फेथफुली” लिहिलेलं मी इतक्यांदा पाहिलं आहे की तेवढ्यासाठी सांगते, युअर्सला चिन्ह नको. नेमकं कोण ते न सांगणाऱ्या वन, समवन, एव्हरीबडी अशा शब्दांना मात्र लागतं: “वन’स”, “समवन’स”. दुसऱ्या कुणाचं तरी म्हणायचं असेल तर “समवन एल्स’स”, चिन्ह एल्सला.

प्रश्न : कार्यालयात रजेचे अर्ज माझ्याकडे येतात. “टू डेज लीव्ह” मध्ये अपॉस्ट्रॉफी लागतो का? दिवस काही रजेचे मालक नाहीत.

उत्तर : लागतो. इंग्रजीने काळाच्या मापांना हा मान दिला आहे. एक दिवसाची रजा “अ डे’स लीव्ह”, दोन दिवसांची “टू डेस’ लीव्ह”, दहा मिनिटांची चाल “टेन मिनिट्स’ वॉक”. मराठीतही इथे दिवसाची आणि दिवसांची असा अनुस्वाराचाच फरक आहे, आणि या जागी तो निखळ संख्येचा आहे, मानाचा नाही. त्यामुळे मराठी कानावर विश्वास ठेवा.

हाच अर्थ दुसऱ्या वळणानेही सांगता येतो. “अ टेन-मिनिट वॉक”, मध्ये जोडरेघ, एस नाही आणि चिन्हही नाही. दोन्ही वळणं बरोबर आहेत, पण एकात दुसरं मिसळू नये. पाच वर्षांचा मुलगा म्हणताना मात्र फक्त दुसरंच वळण चालतं, “अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय”.

प्रश्न : मी मराठीतून इंग्रजीत भाषांतर करतो. चा-ची-चे दिसलं की अपॉस्ट्रॉफी एस, हे धोरण ठेवलं होतं. संपादक त्यातली निम्मी चिन्हं खोडतात. कशाच्या आधारावर?

उत्तर : संपादकांचं बरोबर आहे. आपली षष्ठी फार मोठ्या मनाची आहे. मालकी, नातं, साहित्य, जागा, उपयोग, सगळं ती एकाच चा-ची-चे मध्ये सामावून घेते. इंग्रजीने ही कामं तिघांत वाटली आहेत.

माणसं, प्राणी, माणसांच्या संस्था, देश आणि काळ यांना अपॉस्ट्रॉफी सहज शोभतो: “द गर्ल’स व्हॉइस”, “द कंपनी’स ॲकाउंट्स”, “टुडे’स न्यूजपेपर”. निर्जीव वस्तूचा भाग किंवा गुण सांगताना बहुधा ऑफ येतो, डोंगराचा माथा “द टॉप ऑफ द हिल”, गोष्टीचा शेवट “द एंड ऑफ द स्टोरी”. आणि जिथे पहिला शब्द दुसऱ्याचा नुसता प्रकार सांगतो तिथे दोन नामं शेजारी ठेवली की झालं. नळाचं पाणी “टॅप वॉटर”, शाळेची बस “स्कूल बस”, टेबलाचा पाय “टेबल लेग”, लोखंडाचं कपाट “आयर्न कबर्ड”.

शाळेची बस आणि शाळेचा निर्णय हे दोन प्रयोग घ्या. मराठीत दोन्हीकडे शाळा सारखीच उभी आहे. इंग्रजीत “स्कूल बस”, पण “द स्कूल’स डिसिजन”. पहिल्यात शाळा ही बसची जात सांगते, कुठलीही शाळा चालेल. दुसऱ्यात एक विशिष्ट शाळा आहे आणि निर्णय तिने घेतला आहे. भाषांतर करताना मी स्वतःला विचारते: कुठली शाळा, असं विचारता येतं का? येत असेल तर चिन्हाला वाव आहे.

सीमेवरचे प्रयोग राहतातच. शिक्षकांची खोली, शेतकऱ्यांचा बाजार, लेखकांची कार्यशाळा. इथे कुणी टीचर्सच्या एसनंतर चिन्ह देतात, कुणी खोलीचा प्रकार समजून सोडून देतात. एपी सोडायला सांगते, शिकागो ठेवायला. मी ठेवते. चिल्ड्रेन आणि विमेन या शब्दांपुढे मात्र कुणालाच सोडता येत नाही, कारण चिन्ह काढलं की मागे उरणारा शब्द इंग्रजीत नाहीच.

प्रश्न : दोघांची मिळून एकच वस्तू असेल तर चिन्ह कुणाला? आणि मदर-इन-लॉसारख्या लांब शब्दाचं काय?

उत्तर : मिळून असेल तर शेवटच्या नावाला: “मीना अँड रमा’स हाउस”, घर एक. घरं वेगवेगळी असतील तर दोघींना: “मीना’स अँड रमा’स हाउसेस”. मीनाचं आणि माझं, असं असेल तर सर्वनामामुळे दोघांनाही मालकीचं रूप द्यावं लागतं: “मीना’स अँड माय हाउस”.

लांब शब्दात चिन्ह नेहमी शेपटाला. “मदर-इन-लॉ’स”. दोन सासवा असतील तर अनेकवचन मदरला आणि चिन्ह लॉला: “मदर्स-इन-लॉ’स”. ऐकायला जड आहे, पण मालक आधी पूर्ण लिहा, या सूत्रात ते चपखल बसतं. अख्ख्या शब्दसमूहालाही हेच लागू: स्पेनच्या राजाची मुलगी “द किंग ऑफ स्पेन’स डॉटर”. मुलगी राजाची, चिन्ह स्पेनला, कारण मालकाचं पूर्ण नाव तिथे संपतं.

प्रश्न : खुद्द लंडनमध्ये पाट्यांवर हे चिन्ह कुठे असतं, कुठे नसतं. मोठ्या कंपन्यांनी ते काढून टाकलं आहे. मग आपण एवढा जीव का टाकायचा?

उत्तर : तुमचं निरीक्षण खरं आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत पिकाडिली मार्गावर अर्ल’स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही लागोपाठची स्थानकं. पहिल्याला चिन्ह आहे, दुसऱ्याला नाही. वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांनी 2012 मध्ये आपल्या नावातलं चिन्ह काढलं. अमेरिकेत भौगोलिक नावं ठरवणारं मंडळ 1890 मध्ये स्थापन झालं आणि ते ठिकाणांच्या नावांत मालकीचा अपॉस्ट्रॉफी सहसा मान्य करत नाही. मार्था’स व्हिनयार्ड या बेटाला 1933 मध्ये मिळालेली सूट ही मोजक्या अपवादांपैकी एक. नाव झालं की ते पाटीवरचं चित्र होतं, त्यात मालक उरत नाही, असा विचार त्यामागे आहे. तो मला समजतो.

चिन्हाचा इतिहासही काही फार जुना नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पुष्कळ नामांना षष्ठीसाठी ई-एस हा प्रत्यय लागे. राजा म्हणजे क्युनिंग, राजाचा म्हणजे क्युनिंगेस. पुढे त्यातल्या ईचा उच्चार बहुतेक ठिकाणी गेला. सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून गळलेल्या अक्षराची खूण म्हणून अपॉस्ट्रॉफी आला, सतराव्या शतकात तो एकवचनी मालकाला चिकटला. “बॉयस’” मधला शेवटचा अपॉस्ट्रॉफी रुळायला अठरावं शतक संपत आलं. त्याच्या जागी कुठलंही अक्षर गळालेलं नाही. तो निव्वळ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी लावला गेला, कारण कानाला फरक कळत नव्हता.

जीव टाकायचा तो याचसाठी. पाटीवर संदर्भ समोर उभा असतो, लिखाणात तो नसतो. “माय सिस्टर’स फ्रेंड्स” म्हटलं तर बहीण एक, “माय सिस्टरस’ फ्रेंड्स” म्हटलं तर बहिणी अनेक. तेच शब्द, तोच उच्चार, फक्त एका चिन्हाची जागा वेगळी. मृत्युपत्रात, करारात, दाखल्यात ही जागा महत्त्वाची ठरते. अमेरिकेत मातृदिनासाठी झटलेल्या ॲना जार्विस यांनी “मदर’स डे” हे एकवचनच हवं असा आग्रह धरला होता, कारण त्यांना जगातल्या समस्त मातांचा नाही, प्रत्येकाने आपापल्या आईचा दिवस मानायला हवा होता. विमेन’स डे मात्र सर्व स्त्रियांचा, तिथे मालक अनेक. आणि व्हेटरन्स डे या अमेरिकी माजी सैनिकांच्या दिवसाच्या अधिकृत नावात चिन्हच नाही.

एक चूक मात्र सोडून द्यायला सांगते, कारण ती चिन्हाचं काम बिघडवते. नुसतं अनेकवचन करायला अपॉस्ट्रॉफी नको. फोटो अनेक, तर “फोटोस”. 1990 चं दशक म्हणताना आकड्यानंतर सरळ एस, मध्ये काही नाही.

प्रश्न : “अ फ्रेंड ऑफ माय फादर’स” असं वाचलं. ऑफही आहे आणि अपॉस्ट्रॉफी एसही. ही दुहेरी मालकी चूक नाही का?

उत्तर : चूक नाही, फार जुना आणि उपयोगी प्रयोग आहे. माझ्या वडिलांच्या मित्रांपैकी एक, असा त्याचा अर्थ. “अ फ्रेंड ऑफ माइन” आपण न अडखळता म्हणतो, त्याच साच्यातलं हे.

वडिलांचा फोटो घ्या. मराठीत हा प्रयोग मुका आहे: फोटोत वडील आहेत, की फोटो वडिलांच्या मालकीचा आहे, हे पुढचं वाक्य येईपर्यंत कळत नाही. इंग्रजीत “अ फोटो ऑफ माय फादर” म्हटलं की फोटोत वडीलच दिसणार. “अ फोटो ऑफ माय फादर’स” म्हटलं तर फोटो वडिलांच्या संग्रहातला, त्यात डोंगर असेल नाहीतर मांजर. आणि तुमच्या बाबतीत वडील एकच असल्यामुळे इथेही चिन्ह आरच्या पुढे, एसच्या आधी.